पंचांग बरोबर, देशांतर चुकलं: परदेशातून आलेल्या जीपीएसला उपग्रह का सापडत नाहीत

मे महिन्यात भाचा न्यू जर्सीहून चोपड्याला आला. येताना त्याने स्वतःचं जुनं, हातात मावणारं पिवळं जीपीएस यंत्र माझ्यासाठी आणलं. मी सातपुड्यात भटकतो, तिथे फोनला रेंज नसते, म्हणून. मोठ्या हौसेने आम्ही ते धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, नेऊन सुरू केलं. धाबंभर हिचे बिबडे वाळत घातलेले. ते चुकवत, कडेला अंग चोरून दोघं पडद्याकडे बघत उभे राहिलो. उपग्रह शोधतोय अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आणि तिच्याखाली रिकामी चौकट. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. शेजारच्या धाब्यावरून हाक आली, "काय करी ऱ्हायनात भाऊ?" उपग्रह शोधतोय म्हटल्यावर तिकडे जरा शांतता. मग, "सापडनं का काही?"

काही सापडलं नव्हतं. भाचा म्हणाला, "मामा, अमेरिकेचं यंत्र आहे, इथले सिग्नल पकडत नसेल." मलाही ते पटलं. तिकडचा मिक्सर इकडे चालत नाही, तिकडच्या टीव्हीचं तेच, मग याचं का नाही?

पण जीपीएसचं तसं नाही. या यंत्राला देश नसतो. जीपीएसचे तीस-एकतीस उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून साऱ्या पृथ्वीला घिरट्या घालतात आणि प्रत्येकाची एक फेरी १२ तासांना दोन मिनिटं कमी इतक्या वेळात पुरी होते. आत्ता चोपड्याच्या डोक्यावर असलेला उपग्रह काही तासांनी अमेरिकेवर असू शकतो. सगळे एकाच लहरीवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, बोलतात. न सिमकार्ड लागतं, न रोमिंग, न वर्गणी. यंत्र फक्त ऐकतं, वर काही पाठवत नाही. म्हणजे न्यू जर्सीत चालणारं यंत्र चोपड्यात चाललंच पाहिजे. आमचंही बिघडलेलं नव्हतंच. ते भलतीकडे बघत होतं, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

प्रत्येक जीपीएस यंत्राच्या पोटात एक पंचांग असतं. इंग्रजीत त्याला ॲल्मनॅकच म्हणतात, म्हणजे मी ओढूनताणून उपमा देतोय असं नाही. कोणता उपग्रह कोणत्या कक्षेत, कोणत्या वेळी साधारण कुठे असेल, याचं ते कोष्टक. ते कुणा एका देशापुरतं नसतं, साऱ्या उपग्रहांचं असतं आणि काही महिने बऱ्यापैकी उपयोगी पडतं. पण कोष्टक हातात आलं म्हणून आपल्या डोक्यावर आत्ता कोण आहे ते कळत नाही. त्याला आणखी दोन गोष्टी लागतात: आत्ता किती वाजले, आणि मी कुठे उभा आहे.

आपल्याकडच्या जोशांना हे नवीन नाही. पंचांगातला सूर्योदय ज्या गावासाठी छापला त्या गावाचा. दुसऱ्या गावाला देशांतराचा संस्कार, म्हणजे रेखांशातल्या फरकाची दुरुस्ती, करावा लागतो, पूर्व-पश्चिम एका अंशाला चार मिनिटं. जुन्या ज्योतिषांची शून्य रेखा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी जायची, आणि आपलं जळगाव जवळजवळ उज्जैनच्या सरळ दक्षिणेला आहे. दोन्हींच्या रेखांशात फरक जेमतेम पाव अंशाचा, म्हणजे देशांतर एका मिनिटाच्याही आत. खानदेशाला ही आयती सवलत मिळालेली. न्यू जर्सीला नाही.

यंत्र सुरू केलं की ते मागच्या वेळी जिथे बंद झालं तिथेच आपण अजून आहोत असं धरून चालतं. आमच्या यंत्राची शेवटची जागा न्यू जर्सी. त्याने घड्याळ पाहिलं, कोष्टक उघडलं, न्यू जर्सीच्या आकाशात आत्ता कोण कोण असणार याची यादी काढली आणि चोपड्याच्या धाब्यावरून त्या उपग्रहांना हाका मारत बसलं. त्यांतले जवळजवळ सगळे पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. भुसावळच्या फलाटावर उभं राहून विरार लोकलची वाट बघावी, तसलं काम.

तुम्ही म्हणाल, असतील तेवढे सगळे उपग्रह शोधून टाकायचे ना, यादी कशाला? नव्या यंत्रांत आणि फोनमध्ये तेच होतं. त्यांच्यातली चिप एका वेळी हजारो शक्यता तपासते, म्हणून गेल्या काही वर्षांतलं यंत्र परदेशात उतरल्यावर फारसे नखरे करत नाही. जुन्या यंत्रांत मात्र बारा कप्पे असायचे आणि एक कप्पा एका वेळी एकाच उपग्रहाचा माग काढायचा. आणि हा माग सोपा नसतो. उपग्रहाची ताकद पंचवीस-पन्नास वॅटची, आपल्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तो बल्ब वीस हजार किलोमीटरवर लावलेला. जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा आवाज आजूबाजूच्या रेडिओ-गोंगाटाच्याही खाली गेलेला असतो. यंत्राला तो सापडतो तो केवळ ओळखीमुळे. प्रत्येक उपग्रह १०२३ ठोक्यांची स्वतःची एक ठरलेली लय सेकंदाला हजार वेळा गुणगुणतो. यंत्र तीच लय स्वतःशी धरून, पुढेमागे सरकवत, कुठे जुळते ते बघतं.

वर आणखी एक भानगड. उपग्रह सेकंदाला जवळजवळ चार किलोमीटर वेगाने पळत असतो. गाडी फलाटाकडे येताना भोंगा बारीक आणि पुढे गेल्यावर जाड ऐकू येतो ना, तसा याचाही सूर जवळ येताना चढतो आणि लांब जाताना उतरतो, दोन्हीकडे पाच किलोहर्ट्झपर्यंत. म्हणजे लय कुठे सुरू होते तेही शोधायचं आणि कोणत्या सुरात आहे तेही. आपण कुठे आहोत हे ठाऊक असलं की सुराचा अंदाज आधीच बांधता येतो आणि शोध चटकन आटोपतो. जागा चुकली की उपग्रहही चुकीचा आणि सूरही चुकीचा.

हे सगळं मला त्या संध्याकाळपर्यंत वाचून कळलं होतं. उन्हं उतरल्यावर पुन्हा धाब्यावर गेलो. (दुपारी जायचंच नव्हतं. मे महिन्यातल्या चोपड्याच्या उन्हात यंत्राचा पडदा काळा पडतो आणि माणसाचं डोकंही.) उपग्रहांच्या पानावरच्या यादीत नवी जागा सांगायची सोय होती. जुन्या यंत्रांत ती 'न्यू लोकेशन' किंवा अशाच नावाने असते. कुठे नकाशावर बोट ठेवून जागा दाखवता येते, कुठे अक्षांश-रेखांश टाकावे लागतात. आकडे अगदी नेमके लागत नाहीत, चोपडा की जळगाव याने काही बिघडत नाही. दोन-चारशे किलोमीटर इकडेतिकडे झाले तरी डोक्यावरचे उपग्रह जवळपास तेच असतात. म्हणूनच जळगावहून नाशिकला गेल्यावर कुणाला हा त्रास होत नाही. आठशे-हजार किलोमीटरच्या पुढे यंत्र बंद ठेवून गेलात तरच हे प्रकरण सुरू होतं.

मी २१ अंश १५ मिनिटं आणि ७५ अंश १८ मिनिटं टाकले. पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा काही नाही.

चूक भाच्याच्या लक्षात आली. अमेरिका पश्चिम रेखांशात, आपण पूर्व रेखांशात. आकडे मी बदलले, पण त्यांच्यापुढचं पश्चिमेचं इंग्रजी अक्षर तसंच राहिलं. गंमत बघा, न्यू जर्सीही ७४-७५ अंशांवर आणि खानदेशही ७४-७५ अंशांवरच, फक्त ते पश्चिमेला आणि आपण पूर्वेला. त्यामुळे आकडा वाचून काही खटकतच नाही. २१ उत्तर, ७५ पश्चिम म्हणजे क्युबाच्या उत्तर किनाऱ्यालगतचा समुद्र. न्यू जर्सीतून काढून मी यंत्राला क्युबाशेजारच्या पाण्यात नेऊन सोडलं होतं. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाणाऱ्याने हेच उत्तर-दक्षिणेच्या अक्षराबाबत सांभाळावं.

अक्षर बदललं. दोनेक मिनिटांत पडद्यावरच्या चौकटीत एका उपग्रहाचा पहिला खांब उगवला, पण पोकळ, नुसती रेघांची चौकट. मग दुसरा, तिसरा. अर्ध्या मिनिटाने पहिला काळा भरला. या पोकळ आणि भरीव खांबांचा अर्थ कळला की निम्मी चिडचिड कमी होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

पंचांगावरून उपग्रह साधारण कुठे आहे ते कळतं, म्हणजे काही किलोमीटर इकडेतिकडे. ओळखायला तेवढं पुरतं, पण त्याच्यापासूनचं अंतर मोजून आपली जागा काढायला नाही. त्यासाठी उपग्रह स्वतःचा नेमका, ताजा पत्ता सांगत असतो. त्याला एफेमेरिस म्हणतात. हा पत्ता सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीने येतो आणि दर तीस सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितला जातो. पोकळ खांब म्हणजे आवाज ओळखला, पत्ता लिहून घेणं चालू आहे. भरीव खांब म्हणजे पत्ता मिळाला. असे चार भरले की जागा सापडते: तीन अनोळखी गोष्टी म्हणजे अक्षांश, रेखांश आणि उंची, आणि चौथी यंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक. घड्याळ एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाने चुकलं तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो, म्हणून चौथा उपग्रह.

यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट निघते. पत्ता सांगणं चालू असताना तुम्ही झाडाखाली गेलात, खिशात घातलंत किंवा गाडीत बसलात आणि मध्येच आवाज तुटला, की राहिलेला तुकडा पुन्हा कानी पडेपर्यंत थांबा. असं चार-पाचदा झालं की माणूस 'यंत्र खराब' म्हणून मोकळा. परक्या गावी पहिल्यांदा सुरू करताना चालू नका. मोकळ्या जागी ठेवा आणि चहा प्या.

मिळालेला पत्ता सुमारे चार तास चालतो. म्हणून जेवणापुरतं बंद केलेलं यंत्र सुरू केल्याबरोबर जागा दाखवतं, रात्रभर बंद असलेलं अर्धाएक मिनिट घेतं, आणि परदेशातून आलेलं आपल्या संयमाची परीक्षा घेतं.

जागा सांगायची सोय नसेल, किंवा यंत्र दोन-चार वर्षं कपाटात पडून त्याचं पंचांगच शिळं झालं असेल, तर दुसरा रस्ता म्हणजे त्याला सगळं विसरायला लावायचं. 'ऑटोलोकेट' असा पर्याय काही यंत्रांत असतो, काहींत चालू करताना ठरावीक बटणं दाबून ठेवावी लागतात. मग ते कुठलीच यादी न धरता दिसेल तो उपग्रह चाचपडत शोधतं आणि एक जरी सापडला तरी त्याच्याकडून अख्खं पंचांग नव्याने उतरवून घेतं. त्याच ५० बिटांच्या गतीने हे उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात, ती कुणाला कमी करता येत नाहीत. म्हणून वीस मिनिटं धरून चाला. बटणं दाबण्याआधी मात्र माहितीपुस्तिका बघा. काही यंत्रांत याच जोडण्या साठवलेल्या खुणाही पुसून टाकतात.

फोनला पाच सेकंदांत सापडतं ते कसं? त्याला टॉवर सांगतो. तू चोपड्यात आहेस, आत्ता हे हे उपग्रह वर आहेत, हे त्यांचे पत्ते. सगळं इंटरनेटवरून क्षणात. फोनमधला जीपीएस नुसता हुशार आहे असं नाही, त्याला आयतं ताटही मिळतं. परदेशात उतरल्यावर सिम चालत नसेल तर तोच फोन पहिल्या वेळी रेंगाळतो.

आता आकाशाबद्दल. मोकळं आकाश हवं हे सगळेच सांगतात, पण कोणत्या दिशेचं? जीपीएस उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंश कललेल्या आहेत, म्हणून उपग्रह साधारण ५५ अक्षांशाच्या पुढे उत्तरेला जातच नाहीत. आपण २१ अंशांवरून बघतो तेव्हा ठीक उत्तरेला, क्षितिजापासून जवळपास अर्ध्या आकाशापर्यंत, जीपीएसचा एकही उपग्रह कधी येत नाही. याचा खानदेशी अर्थ असा की चोपडा, यावल, रावेरच्या बाजूला उत्तरेला सातपुड्याची भिंत उभी असली तरी फारसं नुकसान नाही, तिकडे तसंही कुणी नव्हतं. पण चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर डोंगर दक्षिणेला येतो आणि ती भिंत खरोखर उपग्रह खाते. (पाटणादेवी म्हणजे भास्कराचार्यांचं नाव जिथल्या शिलालेखात आहे ते ठिकाण. ग्रहांचं गणित करणाऱ्या घराण्याच्या गावी यंत्राला आकाश कमी पडावं, याचं मला दर वेळी हसू येतं.) लंडनला उत्तरेची ही रिकामी जागा जवळजवळ डोक्यापर्यंत चढते. ऑस्ट्रेलियात ती दक्षिणेला असते. तेव्हा परदेशी हॉटेलच्या एकाच खिडकीतून प्रयत्न करायची वेळ आली, तर आपल्या गोलार्धात दक्षिणेची खिडकी बघा आणि सिडनीत उत्तरेची.

पानांचंही तसंच. ही लहर पाण्यात शोषली जाते आणि ओलं पान म्हणजे पाणीच. केळीच्या बागेत पावसानंतर उभं राहून कुणी उपग्रह शोधू नयेत, बांधावर यावं. पत्र्याखाली तर प्रश्नच नाही.

जुन्या यंत्रातली आणखी एक खोड. अमेरिकेत वास नावाचे वेगळे, एकाच जागी स्थिर दिसणारे मदतनीस उपग्रह आहेत, ते चूक दुरुस्त करून अचूकता वाढवतात. युरोपात तेच काम इग्नॉस करतं आणि भारतात आपलं गगन, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभं केलेलं. यंत्रात ही सोय चालू असेल तर बारातले एक-दोन कप्पे तिकडच्या मदतनिसांना शोधण्यात अडकतात. पहिल्या शोधापुरती ती बंद करा, जागा सापडल्यावर पुन्हा चालू करा. काही जुन्या यंत्रांवर मग ४० किंवा ४१ आकड्याचा खांब दिसतो, ते गगन. जीपीएससारखीच भारताची स्वतःची 'नाविक' नावाची उपग्रह प्रणाली मात्र वेगळ्या लहरींवर सुरू झालेली, त्यामुळे जुन्या परदेशी यंत्राला ती ऐकू येत नाही.

आमच्या यंत्राने दुसऱ्या दिवशी उलटाच चमत्कार केला. घरात, पंख्याखाली, सगळे खांब काठोकाठ भरलेले! भाच्याच्या मुलाने बटणं दाबता दाबता ते प्रात्यक्षिकाच्या पद्धतीवर टाकलं होतं. दुकानात दाखवण्यासाठी ही सोय असते. त्यात यंत्र खोटे उपग्रह दाखवतं आणि खऱ्यांचा शोध बंद ठेवतं. उपग्रह अजिबात सापडत नसतील किंवा संशय यावा इतके छान सापडत असतील, तर आधी हे तपासा.

जागा सापडूनही पडदा रिकामा दिसला तर घाबरू नका. आत नकाशा अमेरिकेचा असेल तर चोपड्याच्या जागी फार तर एखादी जाड रेघ दिसते. अक्षांश-रेखांश बरोबरच असतात, तुमच्या चालण्याची रेघही उमटते. आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या कागदी नकाशाशी ताडून बघितलंत आणि शंभराहून जास्त मीटरचा फरक आला, तर दोष कुणाचाच नाही. ते जुने नकाशे एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या आकारावर चालतं. यंत्राच्या यादीतून 'इंडियन' पर्याय निवडला की दोघांचं जमतं. चीनमध्ये तर तिथल्या सरकारी नियमानुसार नकाशेच मुद्दाम सरकवलेले असतात, तिथे यंत्र बरोबर आणि रस्ता बाजूला असं दिसतं.

काही ठिकाणी मात्र कुठलंच बटण कामाचं नाही. ठिबक बघायला इस्रायलला जाणारे शेतकरी आपल्याकडे कमी नाहीत. तिथे २०२३ च्या ऑक्टोबरनंतर सैन्याने जीपीएसच्या लहरींत मुद्दाम गडबड केली आणि देशाच्या उत्तर भागात उभ्या असलेल्या लोकांचे फोन आपण बेरूतच्या विमानतळावर आहोत असं दाखवायला लागले. अशा वेळी कागदी नकाशा.

परदेशातून कुणी येताना असं यंत्र आणणार असेल तर त्याला एक गोष्ट आधी विचारा: ते फक्त ऐकतं, की उपग्रहावरून संदेशही पाठवतं? दिसायला दोन्ही सारखीच. पण उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे आणि आपल्या विमानतळांवर परदेशी पाहुण्यांना त्यावरून अटक झालेली आहे. भाच्याचं साधं निघालं, आमचं नशीब.

जाताना त्याने यंत्र माझ्याकडेच ठेवलं. गळू नयेत म्हणून बॅटऱ्या काढून ठेवतो आणि महिन्यातून एकदा घालून अर्धा तास धाब्यावर ठेवतो, म्हणजे त्याचं पंचांग ताजं राहतं. परवा ठेवायला गेलो तर शेजारून हाक आली, "आज कितला सापडनात?" नऊ, म्हटलं.